गाणं संपेना, पाक थांबेना

बाळाचं नाव रेजाँच ठेवलं जाणार, याबद्दल रेजाँ गान्योंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मुलगा आहे एवढं तपासणीत कळलं होतं, पण बाळ अजून पोटात, सातव्या महिन्यात होतं आणि यानं पाळण्यावर नाव कोरून वर वार्निशचा हातही मारला होता!

खरं तर नाव ठेवणं त्याच्या हातात नव्हतंच. मुलगा सिमों मास्तर होऊन पार उत्तरेला, हडसनच्या उपसागराकाठी इनुकजुआकला गेला, तिथल्या अकिनिसीवर त्याचा जीव जडला आणि दोघांनी संसार थाटला. लग्न व्हायचं होतं, पण क्यूबेकच्या आमच्या या बोस परगण्यात हल्ली त्यावाचून कुणाचं अडत नाही. अकिनिसी इनुइट, म्हणजे त्या बर्फाळ मुलखातल्या मूळ रहिवाशांपैकी. त्यांच्यात बाळाचं नाव घरातली वडीलधारी बाई ठरवते. बरं, ते नुसतं नाव नसतं. ज्याचं नाव, त्याचा स्वभाव, त्याच्या खोडी, सगळंच बाळात उतरतं. म्हणून अकिनिसीची आई उलायू एप्रिलमध्ये स्वतः आमच्याकडे यायची होती. माणसं बघायची, मग नाव ठरवायचं.

"मला बघायला येतायत विहीणबाई!" रेजाँ फोनवर म्हणाला.

"सगळ्यांनाच भेटायला येतायत, बाबा," सिमों म्हणाला.

"तेच ते! मला भेटल्यावर दुसरं कुणाचं नाव सुचणार आहे त्यांना?"

वरून बढाई असली, तरी आतून म्हातारा हळवा झाला होता. नातू दीड हजार किलोमीटरवर वाढणार. तिथे मेपलचं झाड नाही, मेपलचंच काय, कुठलंच झाड नाही! आपण तिकडे वर्षातून एकदा गेलो तर गेलो. निदान आपलं नाव तरी त्या घरात रोज हाकारलं जावं, एवढंच त्याला वाटत होतं. पण हे बोलून दाखवेल तर तो रेजाँ कसला?

त्याने दोन गोष्टी ठरवल्या. एक, विहीणबाईंना अस्सल मेपलचा पाक चाखवायचा. बाजारातलं ते मक्याचं रंगीत पाणी नव्हे. आपल्या रानातला, मोसमातल्या पहिल्या रसाचा, लाकडाच्या भट्टीवर आटवलेला सोनेरी पाक. चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा कुठे लिटरभर हाती लागतो! दोन, त्यांच्या कंठगायनाला दाद द्यायची. उलायू आणि तिची मावसबहीण नेली या दोघी तिकडच्या नावाजलेल्या गाणाऱ्या होत्या आणि दोघी मिळूनच येणार होत्या. रेजाँने वाचनालयातून एक पुस्तिका आणली. 'हा पुरातन वारसा आदराने ऐकावा' हे पहिलं वाक्य वाचलं आणि चष्मा सापडेना म्हणून तिथेच अभ्यास आटोपला.

"सोलांज, नीट ऐक," त्याने बायकोला बजावलं. "गाणं चालू असताना हलायचं नाही, बोलायचं नाही. आणि हसायचं तर मुळीच नाही!"

"मी कशाला हसू?"

"तू कशालाही हसतेस. आपल्या लग्नात मी 'हो' म्हणालो तेव्हाही हसलीस."

"तेव्हा हसले ते बरं झालं. नंतर कुठे जमलं?" सोलांज म्हणाली.

सिमों आणि अकिनिसीबरोबर पाहुण्या आल्या तो दिवस अगदी मोजून मागवल्यासारखा होता. रात्री कडक थंडी, दिवसा ऊन, झाडांना रस नुसता धो धो! रानात गुडघाभर बर्फ आणि वाटेवर घोटाभर चिखल. उलायू ठेंगणी, गोल चेहऱ्याची, साठीची बाई. नेली तिच्याहून हातभर उंच. दोघींनी भेट म्हणून आणलेला गोठवलेला मासा इतका मोठा होता, की रेजाँने तो घेताना आधी मांडीचा टेकू दिला.

रेजाँ सगळ्यांना घेऊन थेट रानातल्या पाकघरात गेला. मध्ये भट्टी, भट्टीवर पसरट कढई आणि छताच्या झरोक्यातून वाफेचा लोट. त्याने पाहुण्यांना बाकावर बसवलं, छोटे पेले मांडले आणि भाषण सुरू केलं. आजोबांनी पहिलं झाड कसं टोचलं इथपासून सुरुवात! तब्बल दहा मिनिटं तो बोलला. मग म्हणाला, "सूनबाई, आता हे तुझ्या आईला तुमच्या भाषेत सांग."

अकिनिसीने आईला तीन शब्द सांगितले.

"एवढंच?" रेजाँ चाटच पडला. "काय सांगितलंस?"

"झाडातून निघतं. गोड आहे."

तेवढ्यात सोलांजने सुनेचे सुजलेले पाय पाहिले. "अगं, तू घरी जाऊन जरा पड बघू. सिमों, तिला सोडून ये."

"पण मग यांचं बोलणं कोण सांगणार?" सिमोंने विचारलं.

"पाकाला भाषा लागते का रे? जा तुम्ही!" रेजाँ म्हणाला.

झालं! पाकघरात उरली चार माणसं. या बाजूला फ्रेंच, त्या बाजूला इनुक्टिटुट आणि दोन्हींच्या मध्ये एक 'थँक्यू'.

रेजाँने पहिल्या रसाचा सोनेरी पाक पेल्यात ओतला. उलायूने घोट घेतला.

"कसा आहे?" रेजाँने हातवारे करून विचारलं.

उलायूने दोन्ही भुवया वर उचलल्या. रेजाँला वाटलं, इतकं काय खटकलं असेल? त्याने घाईघाईने तिच्या हातातून पेला काढून घेतला आणि दुसरा, जरा गडद पाक पुढे केला. तिने चाखला. पुन्हा भुवया वर! हाही पेला त्याने परत घेतला. उलायू रिकाम्या हाताकडे बघत नेलीशी काहीतरी पुटपुटली. ती काय म्हणाली ते अकिनिसीकडून मागाहून कळलं. "भला माणूस आहे. पण देतो आणि हिसकावून घेतो."

मग रेजाँने शेवटचा उपाय काढला. गेल्या मोसमाच्या अखेरचा काळा, कडवट पाक! हा आमच्याकडे डुकराच्या मांसाला लावतात, नुसता कुणी पीत नाही. उलायूने तो जिभेला लावला आणि नाक आक्रसलं.

"बघ, बघ!" रेजाँ आनंदाने ओरडला. "कशा नाकात ओढून घेतायत सुगंध! याला म्हणतात जाणकार!" आणि त्याने काठोकाठ पेला भरून दिला. बिचारी उलायू! यजमानाचा मान राखायला तिने तो सगळा रिचवला. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून रेजाँला भरून आलं आणि त्याने आणखी अर्धा पेला ओतला.

इतक्यात सिमों अकिनिसीची शाल न्यायला परत आला. पेले बघून त्याने डोक्याला हात लावला.

"बाबा, त्यांच्यात भुवया वर केल्या म्हणजे 'हो'. नाक आक्रसलं म्हणजे 'नको'!"

रेजाँचा चेहरा भट्टीइतका तापला. "माहीत आहे मला," तो म्हणाला. "मी खात्री करत होतो." सिमों शाल घेऊन गेला. रेजाँने मात्र मनात पक्की गाठ बांधली. भुवया हो, नाक नको. आता चूक होणे नाही!

चूक भरून काढायला त्याने कढईत ताज्या, पहिल्या रसाचा पाक अखेरच्या आटवणीला चढवला. अजून पंधराएक मिनिटं लागतील, असा त्याचा अंदाज होता. पाक तयार झाला की पळीवरून धार न धरता पडद्यासारखा घसरतो. ती घटका साधली तर सोनं, दोन मिनिटं चुकली तर डांबर!

इकडे पाहुण्यांना वाटलं, घरची माणसं फार गंभीर दिसतायत, यांना जरा रिझवू या. दोघी उठल्या, समोरासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकमेकींचे दंड धरले.

"गाणं!" रेजाँ कुजबुजला. त्याने टोपी काढून छातीशी धरली. सोलांजनेही हात जोडून मान खाली घातली. चर्चमध्येसुद्धा हे दोघं इतके शहाण्यासारखे बसत नाहीत.

उलायूने घशातून एक सूर सोडला, नेलीने तो झेलून परत केला. हं-हा, हं-हा! श्वास आत घेताना वेगळा आवाज, सोडताना वेगळा. कुणी लाकूड कापतंय असं वाटे, मध्येच कुत्र्याची पिल्लं कुईकुई करत. कुठला आवाज कुणाच्या गळ्यातून निघतोय याचा पत्ता लागेना. रेजाँच्या अंगावर खरंच काटा आला.

आणि अर्ध्या मिनिटात नेली फस्सकन हसली!

गाणं थांबलं. रेजाँ हादरला. आता काय करायचं? बिचारीचं गाणं बिघडलं, तेही परक्या घरी! त्याने सुतकी चेहरा केला, पुढे होऊन नेलीच्या खांद्यावर थोपटलं आणि हळू आवाजात म्हणाला, "होतं असं. मनाला लावून घेऊ नका." सोलांजनेही रुमालाने डोळे टिपले.

पाहुण्या चक्रावल्या. एवढं काय झालं? हसल्यावर इथली माणसं रडतात की काय! दोघी आपसांत कुजबुजल्या आणि त्यांनी ठरवलं, की या दुःखी माणसांसमोर काही झालं तरी हसायचं नाही. पुन्हा दंड धरले, पुन्हा सूर लागला.

इथेच सगळा घोटाळा झाला! कंठगायन हा दोघींचा खेळ असतो. जी आधी हसेल किंवा जिचा दम सुटेल ती हरली, आणि गाणं संपलं. पुस्तिकेच्या तिसऱ्या ओळीत हे लिहिलेलंही होतं. आता दोघी पन्नास वर्षांच्या सरावाच्या, दम काही सुटेना. हसायचं नाही हे ठरलेलं. मग गाणं संपणार कसं?

पाच मिनिटं झाली. दहा झाली. पाहुण्यांचे चेहरे लाल, यजमानांच्या माना अवघडलेल्या. मागे कढईतली बुदबुद जड होऊन रटरट झाली. रेजाँच्या कानांनी ती ओळखली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाक तयार! पण ऐन गाण्यातून उठायचं कसं? विहीणबाईंचा अपमान! म्हणजे नावाचा निकालच!

त्याने उलायूकडे पाहत कढईकडे बोट दाखवलं आणि अर्धवट उठून विचारलं, "जाऊ का?"

त्याच क्षणी करपल्याचा पहिला भपकारा आला. उलायूने गाता गाता नाक आक्रसलं.

रेजाँ मुकाट खाली बसला.

"अहो, जळतंय!" सोलांज दातांमधून म्हणाली.

"गप्प बस. विहीणबाई नको म्हणाल्या."

"त्यांना वास येतोय!"

"त्यांच्यात नाक म्हणजे नको! माझा अभ्यास झालाय!"

कढईत काळा फेस चढू लागला. झरोका पुरेना. पाकघर धुराने भरलं. रेजाँ टोपी छातीशी धरून ताठ बसलेला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! उलायूने ते पाहिलं. गाण्याने माणूस इतका हेलावलेला तिने जन्मात पाहिला नव्हता. अशा माणसासमोर थांबायचं तरी कसं? तिने आणखी जोर लावला. नेली डोळे मिटून खोकला गिळत साथ देत राहिली.

सोलांजने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. एकदा कढईकडे पाहिलं. एकदा धुरात बुडालेल्या पाहुण्यांकडे पाहिलं. आणि मग ती हसली! साधंसुधं नव्हे. बाकावरून खाली घसरली, तिथे लोळून हसली, जमिनीवर हात आपटून हसली!

त्याबरोबर दोघी गाणाऱ्याही फुटल्या. एकमेकींच्या गळ्यात पडून हसू लागल्या. गाणं संपलं! रेजाँ बाणासारखा सुटला आणि बाहेरून फावडंभर बर्फ आणून त्याने कढईत टाकला. असा काही आवाज झाला, की सिमों आणि अकिनिसी घरातून धावत आले.

मग दोन्हीकडचे खुलासे झाले. रेजाँ बाकावर मटकन बसला. "म्हणजे मी पहिल्यांदाच हसलो असतो तर?"

"तर अर्ध्या मिनिटात सगळं मजेत आटपलं असतं, बाबा," सिमों म्हणाला.

कढईच्या तळाशी डांबर झालं होतं. मोसमाचा पहिला रस! रेजाँला त्याचं दुःख नव्हतं असं नाही, पण त्याचा जीव अडकला होता दुसरीकडेच. अखेर त्याने खाली मान घालून सुनेला म्हटलं, "तुझ्या आईला विचार. नावाचं काय ठरलं?"

उलायू त्याच्यासमोर येऊन बसली. त्याचा काजळलेला हात हातात घेऊन बराच वेळ बोलली. अकिनिसीने सांगितलं, "आई म्हणते, तुमच्यासारखा ऐकणारा माणूस तिला कधी भेटला नाही. आग लागली तरी तुम्ही जागचे हलला नाहीत."

रेजाँची छाती फुगली. "मग?"

"म्हणून तुमचं नाव नको म्हणते. आग लागली की बाळाने पळायला हवं."

फुगलेली छाती जागच्या जागी बसली. सोलांज पुन्हा हसू लागली. उलायूने तिच्याकडे बोट दाखवलं आणि एकच वाक्य बोलली.

"बाळाचं नाव सोलांज!" अकिनिसी म्हणाली.

"अगं, पण मुलगा आहे!" रेजाँ म्हणाला.

"आमच्यात चालतं. नावाला बाई-पुरुष काही नसतं. फक्त एक आहे, बाबा. जिचं नाव, तिच्याशी आपलं जे नातं तेच बाळाशी लागतं. सिमों त्याला आई म्हणणार."

"आणि मी?" रेजाँने विचारलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

जून महिन्यात एका सकाळी फोन वाजला. रेजाँने धडपडत उचलला. पलीकडे सिमोंचा आवाज कापत होता आणि मागे कुणीतरी ठणाणा करत होतं.

"बाबा, अभिनंदन! सासूबाई म्हणतायत, तुमची बायको सुखरूप पोचली. साडेसात पौंडांची आहे. आल्यापासून सगळ्यांवर ओरडतेय!"

रेजाँने वळून स्वयंपाकघरातल्या सोलांजकडे एक नजर टाकली. मग फोनभोवती हाताचा आडोसा धरून, तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "हो. ओळखला आवाज."