पाच साहेबांच्या खाली

टँकर आला की गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या तेवढ्या बाकी राहायच्या, आणि आमचे हे हातात पाइप घेऊन सगळ्यांना सांगायचे, "आधी तुमचं होऊ द्या." आमचा ड्रम शेवटी. तोवर टँकरात उरणार काय, गाळ! आजूबाजूला रोज नवी बिल्डिंग उठत होती आणि मी घरात गाळाच्या पाण्यात तुरटी फिरवत बसले होते.

यांची नोकरीही तसलीच. लाइट गेली तरी काही विसरणार नाही अशी कॉम्प्युटरची नवी मेमरी निघणार होती. बनवणाऱ्या कंपन्या पाच. पण कुणाचीही चिप कुणाच्याही मशीनमध्ये बसावी, म्हणून पाचांचं माप एक हवं. ते एक करायचं काम यांचं. दिवसभर फोनवर, "बराबर आहे साहेब, तुमचंही बराबर आहे." पाचही जणांचं बराबर! देवगाव रंगारीहून माझा भाऊ आला की विचारायचा, "दाजी, तुमी बनवता काय?"

"मी नाय बनवत. बनवणाऱ्यांना एका जागी बसवतो."

भाऊ माझ्याकडं बघायचा आणि मी लाजेनं चहा टाकायला पळायची.

शेवटी माप ठरलं, चिप निघाली. हॉटेलात मोठा समारंभ. मी ठेवणीतली साडी काढली, भावाला मुद्दाम बोलावून घेतलं. स्टेजवर पाच साहेब, पाच शाली, पाच नारळ. यांचं नाव कुणी घेतलंच नाही. आणि हे कुठं? खाली, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून माइकची वायर धरून उभे! भाऊ हळूच म्हणाला, "ताई, दाजी लाइटवाले हायत व्हय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

घरी आल्या आल्या मी तोंड सोडलं. "लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?"

"वाटते ना. माझं नाव कुणाच्या आधी घ्यायचं, यावरून पाचांचं वाजलं. समारंभच मोडत होता. मग मीच म्हटलं, माझं काढून टाका."

"मग मला सांगायचं होतं!"

"तू साडीला इस्त्री करत होतीस. धीर झाला नाही."

मी पदर खोचला. "जेवलात तरी का तिथं?"

"सगळ्यांचं होईस्तोवर संपलं."

मी पिठलं टाकलं, भाकरी थापली. ताट पुढं केलं तर म्हणतात कसे, "आधी तू."

"गिळा मुकाट्यानं!"

एक घास घेतला आणि हात थांबला. "पुढच्या वेळी तू येऊ नकोस. दर नावाला तू मान उंच करून ऐकत होतीस. मला बघवेना गं."

"येणार मी," मी म्हटलं. "खुर्ची तेवढी तुमच्या वायरीजवळ टाकून ठेवा. खा आता."