मालनकाकूंच्या छातीचा कारभार

हातकरपेठ नगरपालिकेच्या दवाखान्यात दर बुधवारी दम्याचा वर्ग भरतो आणि प्रत्येक रुग्णानं आपला दमा सोबत आणणं सक्तीचं आहे. रुग्ण डावीकडच्या खुर्चीत बसतो, दमा उजवीकडच्या. दम्यांनी चपला बाहेर काढाव्यात आणि वर्गात विडी ओढू नये, एवढीच अपेक्षा असते. शेवटच्या बुधवारी परीक्षा होते. दोघांपैकी जो सरस ठरेल त्याच्याकडे त्या छातीचा कारभार जातो.

यात गावात कुणाला काही वावगं वाटत नाही. म्हेत्रे मास्तर मागच्या वर्षी नापास झाले. आता कुठला जिना चढायचा, लग्नाला जायचं की नुसता आहेर पाठवायचा, हे त्यांचा दमा ठरवतो. तसा तो स्वभावानं बरा आहे, असं मास्तर म्हणतात. म्हणताना एकदा दम्याकडे बघून घेतात.

मालनकाकू बोरगावे यांना मात्र हरून चालणार नव्हतं. त्यांचं मसाला कांडपाचं दुकान होतं, आणि नवरा गेल्यापासून त्या दुकानाखेरीज त्यांना दुसरं काही नव्हतं. कारभार हाती आला की आधी दुकानाला कुलूप लावायचं, हे त्यांच्या दम्यानं सांगूनच टाकलं होतं, तेही अगदी गोडीत.

"काकू, तुम्ही गॅलरीत बसा. जाणारे-येणारे बघा. पुष्कळ झाले कष्ट."

काकूंचा स्वभाव मुळात संशयी. धंदाच तसा. व्यापाऱ्यानं नव्या मिरचीत जुनी मिसळली असली, तर काकू चिमूटभर नाकाशी धरायच्या, एकदाच जोरात ओढायच्या आणि त्याच्या तोंडावर सांगायच्या. वर्गातही त्यांचा सगळ्यांवर डोळा होता. तोंडानं औषध ओढायच्या पंपावर संशय, कारण त्याची सवय लागते असं त्यांनी ऐकलं होतं. वर्ग घेणाऱ्या कांबळे सिस्टरवर संशय, कारण सरकारी पगार घेऊन ती इतकं मऊ बोलते कशाला? भिंतीवरच्या फुप्फुसाच्या चित्रावरही संशय, कारण ते फारच गुलाबी होतं. दम्यावर मात्र तेवढा नव्हता. तो पडला घरचा.

वर्गात सराव जोडीनं चालायचा. रुग्णानं पंप ओढायचा आणि त्याच्या दम्यानं तो तपासायचा, अशी पद्धत होती. काकू पंप तोंडात धरून दाबायच्या आणि मिरचीचा वास घ्यावा तसा एकदम ओढायच्या.

"वा!" दमा म्हणायचा. "असं ओढणं साऱ्या वर्गात कुणाला जमत नाही. आणखी जोरात, काकू." मग तो हात वर करून सिस्टरला कळवायचा, "आमचं व्यवस्थित चाललंय."

पंप घेऊनही काकूंची धाप हटेना. उलट घसा बसला. त्यांनी ठरवून टाकलं, औषधात काहीतरी भेसळ आहे.

परीक्षेत आधी पाळी दम्यांची असते. काकूंचा दमा पुढं झाला. त्यानं पंप हलवला, छातीतला श्वास सगळा बाहेर सोडला, ओठ मिटले, पंप दाबला आणि अगदी सावकाश, खोलवर श्वास आत घेतला. मग श्वास रोखून निवांत उभा राहिला.

"अगदी बरोबर," सिस्टर म्हणाल्या. "असंच हळू घ्यायचं. जोरात ओढलं तर औषध घशातच चिकटतं, छातीत पोचतच नाही."

काकूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"काय रं, मला जोरात वढा म्हणतोस आणि आपण हळूच व्हय?"

"ज्याची त्याची पद्धत असते, काकू," दमा नम्रपणे म्हणाला.

"परीक्षेत आपापसात बोलू नये," सिस्टर म्हणाल्या. "बोरगावेकाकू, तुमचा नंबर."

काकूंना असा संताप आला की पंप त्याच्याच डोक्यात हाणावासा वाटला. पण संतापात श्वास जोरातच येणार, आणि दमा त्याचीच वाट बघत होता. "नेहमीसारखंच हं," तो हळूच म्हणाला. काकूंनी डोळे मिटले. राग गिळला, श्वास सोडला, पंप दाबला आणि बाळाला निजवताना घ्यावा तसा श्वास घेतला. औषध पहिल्यांदाच खाली उतरलं. त्यांना रडू आलं, पण श्वास रोखायचा होता म्हणून त्यांनी तेही रोखलं.

"दोघंही पास," सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे तोंडी प्रश्न विचारावा लागेल. ज्या दिवशी अगदी मोकळं वाटतंय, त्या दिवशी काय करायचं?"

"काहीच नाही," दम्यानं पटकन सांगितलं. "त्या दिवशी मी नसतोच."

काकूंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"त्या दिवशी बी रोजचा पंप घ्यायचा," त्या म्हणाल्या. "ह्यो न्हाई म्हणतोय, म्हंजे हाय."

सिस्टरनी मान डोलावली आणि कारभार काकूंकडे आल्याचं जाहीर केलं. कांडप चालू असताना मास्क लावायचा आणि मिरची नाकाशी धरायची नाही, हेही बजावलं. काकूंना याचं फार वाईट वाटलं. पण त्यांनी मान्य केलं.

"मग मी निघू?" दम्यानं विचारलं.

"कुठं निघता?" सिस्टर म्हणाल्या. "तुमचा कारभार गेलाय, मुक्काम नाही. काकूंकडेच राहायचं, त्या सांगतील तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना इतकं मोकळं वाटलं की त्या उठल्या उठल्या अंगण झाडायचा विचार करायला लागल्या. तेवढ्यात दमा चहा घेऊन आला. चहात आलं घातलेलं होतं.

"आज तब्येत ठणठणीत दिसतेय," तो म्हणाला. "आधी गरम गरम घ्या. पंपाचं काय, तो उद्याही आहेच."

काकूंनी कप बाजूला ठेवला. सावकाश पंप घेतला. खळखळून चूळ भरली. मग कप उचलून त्याच्या पुढ्यात धरला.

"आधी तू पी," त्या म्हणाल्या.

दमा चहाकडे बघत राहिला. चहा निवला तरी त्यानं तो प्यायला नाही. काकूंनी तो मोरीत ओतला, दुकानाची किल्ली घेतली आणि त्याला म्हणाल्या, "चल. पुढं हो. मागं चालू नकोस."