हात वर होता त्याचा

माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला गोंदियाचे पाहुणे आले होते. पोहे झाले, मुलीचं नाव-शिक्षण विचारून झालं, आणि चहा यायला वेळ लागला म्हणून सगळे गप्प बसले. आमचा शेजारी टेकचंद, म्हणजे टेकूभाऊ, केवळ खुर्च्या कमी पडल्या म्हणून आपल्या खुर्च्यांसकट आला होता. त्या शांततेत तो नवऱ्या मुलाकडे वळला आणि म्हणाला, "तुमी तं गोंदियाचे. मंग सांगा, आमच्या तिरोड्याच्या टीमचा आजवरचा सगळ्यात मोठा गार्ड कोण?"

मुलगा बिचारा भांबावला. "माझे मामा नागझिऱ्याच्या जंगलात गार्ड आहेत," तो म्हणाला. टेकूभाऊनं डोळे मिटून घेतले. लग्न झालं, भाचा झाला, पण माझ्या मेहुण्याला टेकूभाऊ आजही 'नागझिरा' म्हणतो.

तर हा गार्ड बास्केटबॉलचा. ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, गार्ड म्हणजे मागून बॉल घेऊन येणारा आणि तो पुढे कोणाला द्यायचा हे ठरवणारा. बाकीचे चार जण उड्या मारतात, हा डोकं चालवतो. आमच्या तिरोड्यात क्रिकेट सगळीकडे आहे तसं आहेच, पण हायस्कूलच्या मागच्या सिमेंटच्या कोर्टवर एक बास्केटबॉलचं मंडळ वर्षानुवर्षं टिकून आहे, आणि आमची सगळी अक्कल आणि सगळी भांडणं त्या मंडळाभोवती आहेत.

आता तुम्ही म्हणाल, खेळाचं असं वेड असलेला एकेक माणूस प्रत्येक गावात असतो. असतो, मान्य. पण टेकूभाऊची गंमत पुढेच आहे. सगळ्यात मोठा गार्ड कोण, या प्रश्नाला आमच्याकडे दोनच उत्तरं आहेत. एक भोजराज उके, दुसरा खुद्द टेकूभाऊ. अख्खा गाव म्हणतो टेकूभाऊ. आणि टेकूभाऊ एकटा, सगळ्या गावाशी भांडून, घसा कोरडा होईपर्यंत म्हणतो भोजू.

हा विनय नव्हे. विनयी माणूस 'छे छे, मी कुठला' म्हणतो आणि आपण पुन्हा आग्रह करावा म्हणून थांबतो. हा टेबलावर मूठ आपटतो. "काय बात करून राहिला तू? मले मोठा म्हणणाऱ्याले खेळ समजतच नाई." ज्यांनी त्याची फार स्तुती केली अशा दोन जणांशी त्याचं बोलणं बंद आहे.

त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान बसस्टँडसमोर, माझं सायकल स्टोअर त्याला लागून, आणि दोघांच्या मध्ये शर्माजींची चहाची टपरी. त्यामुळे हा वाद मी रोजच्या रोज ऐकला आहे. जळालेला पंप घेऊन शेतकरी आला की टेकूभाऊ तांब्याची तार सोडवता सोडवता विचारणार, "का गा, मोठा गार्ड कोण?" मग टपरीवर बैठक. चहाचे काचेचे गिलास म्हणजे समोरची टीम, साखरेचा डबा म्हणजे रिंग, फुटाणा म्हणजे बॉल. "हे पाह्य, भोजू असा येणार. याले चकवला." ज्या गिलासाला चकवलं तो गिलास टेकूभाऊ पिऊन टाकायचा. चहा कोणाचा आहे हे तो पाहत नसे. शर्माजी ओरडायचे, "टेकूभाई, ग्राहक का गिलास है, वापस रखो." तोवर टेकूभाऊ तिसऱ्या खेळाडूला चकवून मोकळा.

त्याचा मुख्य पुरावा धानाचा. दिवाळीनंतर धान झोडून झालं की वाळवायला सिमेंट लागतं, आणि तेव्हा गावात सगळ्यात मोठं सिमेंट म्हणजे आमचं कोर्ट. तिथं धान पसरलं जायचं आणि खेळायला मध्ये दोन हातांची गल्ली उरायची. राखणीला एक म्हातारी काठी घेऊन बसे. त्या गल्लीत बॉल आपटत पळायला हे दोघं शिकले. "म्हातारीनं मले कितीकदा काठी मारली, सांग," टेकूभाऊ विचारायचा. "आन् भोजूले? एकदाबी नाई. दाण्याले धक्का नाई लागू देल्ला त्यानं. आता बोल."

समोरचा काहीतरी बोलायचाच. मग टेकूभाऊचा आवाज एकदम खाली यायचा, फुटाणा बोटांत धरलेला राहायचा, आणि तो स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणायचा, "आन् हात वर होता त्याचा."

एवढं म्हणून तो उठून जायचा. या वाक्याचा अर्थ आम्ही कधी विचारला नाही. आम्हाला वाटे, भोजूची बॉल टाकायची काहीतरी खास पद्धत असावी. वाद तिथे संपायचा हे महत्त्वाचं, कारण मलाही दुकान होतं.

मी अर्थात टेकूभाऊच्या बाजूचा, म्हणजे टेकूभाऊच्या विरुद्धचा. कारण मी तो सामना डोळ्यांनी पाहिला होता. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी, नव्या जिल्ह्यातली फायनल, गोंदियाला. एका पॉइंटनं मागे, शिट्टी वाजायला आलेली, बॉल टेकूभाऊकडे. त्यानं लांबूनच फेकला. बॉल रिंगवर फिरला, आणखी फिरला, आणि आत पडला. आम्ही त्याला खांद्यावर घेऊन स्टेशनपर्यंत नाचत आलो. माझी चप्पल गोंदियातच राहिली. एवढं पाहिलेल्या माणसाला कोणी फुटाण्यानं काय पटवणार?

भोजू त्यानंतर कोर्टवर दिसला नाही. बोदलकश्याला गेला, तलावाच्या काठावर शेती आणि मासोळी करतो, एवढं ऐकून होतो.

टेकूभाऊच्या आणखी दोन गोष्टी मला खटकायच्या. एक म्हणजे बोदलकश्याच्या रोडवरच्या कुठल्याही गावचा माणूस मोटार घेऊन आला की त्याचं काम सगळ्यांच्या आधी. त्याच्याशी गार्डचा वादही जरा जास्त मोठ्यानं, आणि जाताना वर निरोप, "गावात सांगजो बरं, टेकचंद म्हणे भोजूच मोठा." दुसरी म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी त्याचं दुकान बंद. धंद्याचा दिवस, आणि हा घरी. विचारलं तर म्हणे, "पोट बिघडलं." वर्षानुवर्षं दर आठवड्याला त्याच दिवशी बिघडणारं पोट मी दुसरं पाहिलं नाही.

मग एका वर्षी मंडळाचा वर्धापनदिन आला. कोर्टला नवा रंग दिला गेला, आणि अध्यक्षांनी ठरवलं की मंडळाच्या सर्वोत्तम गार्डचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा आणि त्याचं नाव कोर्टच्या भिंतीवर रंगवायचं. नाव अर्थात टेकचंद. पेंटरनं 'टे' काढलासुद्धा. टेकूभाऊ सायकलवरून गेला आणि ओल्या रंगावर हात फिरवून आला.

अध्यक्ष दुकानात आले. "टेकू, हा काय पोरखेळ चालवला?"

"भोजूचं लिवा."

"तो बारा-तेरा वर्षांत मंडळाकडे फिरकला नाही. त्याला आणणार कोण? तू आणतोस?"

टेकूभाऊनं मान खाली घातली आणि तार गुंडाळायला लागला. अध्यक्ष जाताना म्हणाले, "रविवारपर्यंत भोजूला आण, नाही तर मुकाट्यानं शाल घे."

दुपारभर तो तारच गुंडाळत राहिला. एकाही गिऱ्हाइकाला प्रश्न विचारला नाही, तेव्हा मात्र मला काळजी वाटली. मी स्टूल घेऊन त्याच्या दुकानात बसलो. "जाऊन घेऊन ये ना त्याला. एवढा त्याच्यासाठी भांडतोस, मग काऊन जात नाहीस?"

"कोणत्या तोंडानं जाऊ?" तो म्हणाला. "त्या फायनलले तू काय पाह्यलं?"

"तुझा बॉल आत गेला ते."

"सगळ्यायनं बॉल पाह्यला. मी भोजूले पाह्यलं होतं. रिंगखाली उभा, एकटा, मोकळा. आन् हात वर होता त्याचा. पास मागून राहिला होता. मले दिसला नाई असं नाई गा. दिसला. मनात आलं, याले देल्ला तं खांद्यावर हा बसते. म्हणून मीच मारला. आंधळ्यासारका मारला आन् गेला आत. तुमी मले उचललं, आन् वरून मले दिसला तो, चप्पल घालून एकटा चालला होता. मंग आलाच नाई. माझ्यापायी सोडलं त्यानं."

हा माणूस इतकी वर्षं गावाशी भांडत होता तो बोदलकश्यापर्यंत आवाज जावा म्हणून. मोटारी आधी दुरुस्त करत होता त्या निरोप लवकर पोचावा म्हणून. आणि बाजाराच्या दिवशी भोजू समोर आला तर काय करायचं, या भीतीनं त्याचं पोट बिघडत होतं. मला त्याची फार माया आली, आणि माया आली की मला राग येतो.

"चल ऊठ," मी म्हटलं. "गाडीवर बस."

"आत्ता? अंगात बनियन हाय."

"शर्ट घाल आणि बस."

रस्ताभर तो मागे बसून माझ्या पाठीवर तळहात आपटत होता. घाबरला की तो असा बॉल आपटतो. बोदलकश्याला पोचेपर्यंत माझी पाठ दुखायला लागली.

भोजू काठावर जाळं वाळत घालत होता. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, पण वळला तो गार्डसारखाच, एका पायावर. टेकूभाऊ माझ्या मागे उभा राहिला. मी बाजूला झालो तर तोही बाजूला झाला.

"कोण, टेकू व्हय?" भोजू म्हणाला. "ये ना. चिखल हाय, पाय पाहून ठेव."

टेकूभाऊनं पाय न पाहताच बोलायला सुरुवात केली. सगळं, एका दमात, चिखलात उभं राहून. पास, हात, खांदा, चप्पल. शेवटी म्हणाला, "मी पाहूनशान नाई देल्ला तुले."

भोजूनं जाळ्यातली काडी काढली, फेकली. टेकूभाऊच्या चिखलातल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "हात वर? अबे, मले काखमांजरी झाली होती."

"काय?"

"काखेत हा एवढा फोड. फुटायले आला होता. हात खाली घेतला का जीव जाये. शेवटची पाच मिनटं हात वरच धरून होतो मी. बॉल देल्ला असता तं माझ्यानं झेलला नसता, मॅच गेली असती. बरं झालं तू मारला."

"आन् तू एकटाच गेला तो?"

"डॉक्टरकडे गेलो ना, फोडाले. मंग घरी धानाचा रोवणा, माय बीमार. सोडून कसा येणार होतो? आन् मी तं दर बाजाराले येतो. दुरून पाह्यतो तं तुह्या दुकानाले कुलूप. एकदा तू दिसला, तं भांड्याच्या दुकानात घुसला. मले वाटलं, मोठा झाला, ओळख देत नाई."

टेकूभाऊ आधी हसला. मग हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला, आणि तो "तोंड धुतो" म्हणून पाण्याकडे गेला. बराच वेळ तो तोंड धूत होता.

मी भोजूला हळूच विचारलं, "खरंच होती काखमांजरी?"

भोजू जाळं झटकत म्हणाला, "कायची काखमांजरी. पास मागून राहिलो होतो. डोळे मिटून टाकला असता, एवढा मोकळा होतो. रागबी आला होता. एक पावसाळा राहिला. मंग लेकरं झाली, काम वाढलं, कुठवर धरून बसाचं? आन् याची तं हालत पाह्य." त्यानं पाण्याकडे मान केली. "त्याले सांगू नको."

रविवारी भोजू आला. अध्यक्षांनी शाल उघडली तर टेकूभाऊनं ती भोजूच्या खांद्यावर टाकली, भोजूनं टेकूभाऊच्या. माइकसमोर दोघं एकमेकांना मोठा म्हणत इतके भांडले की प्रमुख पाहुण्यांचं भाषण राहून गेलं. शाल शेवटी मंडळाच्या कपाटात गेली. निकाल लागेपर्यंत ती तिथंच राहणार आहे.

पुढच्या आठवडी बाजाराला टेकूभाऊचं दुकान उघडं होतं. टपरीवर बाकावर भोजू, शेजारी मासोळीची रिकामी टोपली, आणि टेबलावर गिलास मांडून टेकूभाऊ उभा. आता त्याच्याकडे नवा पुरावा होता. "अरे, काखमांजरी झाली होती त्याले. काखेत फोड, आन् पाच मिनटं खेळला फायनलले. हाय का कोणी असा? नागझिरा, तू सांग."

माझा मेहुणा सासुरवाडीला आला होता. तो इतक्या वर्षांत शहाणा झाला आहे, तो म्हणाला, "भोजूभाऊच मोठे." बाकी टपरी मात्र अजून अडून होती. मग टेकूभाऊ माझ्याकडे वळला. "का गा शेठ, तू तं पाह्यली मॅच. आज सांगून टाक."

भोजू बशीतला चहा फुंकत होता. बशीवरून त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा फुंकायला लागला.

"भोजू," मी म्हटलं.

टेकूभाऊचा विश्वास बसेना. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा फिरलो होतो. "कायच्यावरून?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "हात वर होता त्याचा."

टेकूभाऊनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि भोजूला खेटून बाकावर बसला. त्या दिवशी त्यानं कोणाचाही गिलास न उचलता स्वतःचा चहा प्यायला.