मावशीच्या बुटांची माती

मुलांनो, कल्पना करा, तुमची मावशी टेनिसची विजेती आहे. घरात चषक इतके, की पाहुण्यांना बसायला खुर्चीवरचा चषक आधी उचलावा लागतो. आज संध्याकाळी ती निवृत्त होणार आहे आणि दुपारीच तुमच्या हातून भलतंच काहीतरी होऊन बसलंय. जीव कसा टांगणीला लागेल? आता टिचकीकडे बघा. ती न्हाणीघरात बसली आहे. मांडीवर कोपऱ्यातल्या पिशवीत सापडलेला मावशीच्या बुटांचा जोड आहे, घासून घासून पांढराशुभ्र केलेला. निरोपाच्या दिवशी असले मळके बूट बरे दिसतील का, असं तिला वाटलं होतं.

"टिचके, कोपऱ्यातली ती पिशवी घे गं," आईने बाहेरून हाक मारली. "तीन वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्याचे बूट आहेत त्यात. क्लब काचेच्या पेटीत ठेवणार आहे. जपून आण, मातीला धक्का लागायला नको. त्या लाल मातीचंच तर कौतुक आहे!"

टिचकीने मांडीवरच्या पांढऱ्याशुभ्र बुटांकडे पाहिलं. हे कालच सांगायला काय झालं होतं?

ती परसात धावली. विटेचा तुकडा कुटून भुकटी केली आणि बुटांना चोळली. बूट होते ओले, ते गुलाबी झाले. गुलाबी झाकायला तिने कुंडीतली माती थापली. मग बूट पिशवीत कोंबून ती गाडीत जाऊन बसली. मावशी सकाळीच क्लबवर गेली होती.

"पिशवी ओली कशी गं?" आईने विचारलं.

"मावशीचा घाम असेल."

"तीन वर्षांपूर्वीचा?"

टिचकी खिडकीबाहेर बघू लागली.

क्लबच्या सभागृहात माणसं दाटीवाटीने बसली होती. सचिवांनी रुमालात धरून बूट उचलला आणि डोळे मिटून हुंगला. "वा! हाच तो मैदानाचा वास. ही माती मी झोपेतसुद्धा ओळखीन!"

तेवढ्यात बुटातून एक गांडूळ हळूच रुमालावर उतरलं.

"बघा," सचिव जराही न डगमगता म्हणाले, "किती कसदार माती!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने मात्र खुर्चीखाली पाय आणखी आत ओढून घेतले.

"आणि त्या सामन्यातली ती गोष्ट," सचिवांना आता रंग चढला होता. "हिची रॅकेट जाळीला निसटती लागली. पंचांना दिसलं नाही, कुणालाच दिसलं नाही. हिनेच हात वर केला आणि हातचा गुण सोडला! आहे का असा खेळाडू दुसरा?"

कुणालाच दिसलं नाही. टिचकीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. उजवा हात आपोआप वर गेला.

"काय हवंय बाळ?"

"माझी रॅकेट जाळीला लागली," टिचकी पुटपुटली. "म्हणजे... मी बूट धुतले. ती माती आमच्या कुंडीतली आहे."

आईने कपाळाला हात लावला. सगळ्यांच्या नजरा मावशीकडे वळल्या. मावशीचा चेहरा लालबुंद झाला होता. मग तिनेही हळूच हात वर केला.

"माझीही लागली," ती म्हणाली आणि खुर्चीखालून पाय बाहेर काढले. "ते सरावाचे बूट आहेत. खरे हे, माझ्या पायांत. पिशवी भरताना द्यायला जीवच होईना. म्हटलं, कुणाला कळतंय!"

सचिवांनी रुमालातल्या गांडुळाकडे पाहिलं आणि रुमालाची घडी घालून टाकली.

मावशीने खाली वाकून नाड्या सोडल्या. त्या सोडायला तिला फार वेळ लागला. मग अनवाणीच उभं राहून तिने खरे बूट पुढे धरले. तळव्यांच्या खाचांत लाल माती घट्ट बसली होती.

"टिचके, माझे आई, तूच ठेव हे पेटीत."

टिचकीने बुटांकडे पाहिलं, मातीकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले.