पूर्वेला दार असलेलं अंडं

एका जंगलात, जिथे अजून एकही गृहनिर्माण सोसायटी स्थापन झाली नव्हती, अंतोबा साळिंदर आणि त्याची बायको गोदूबाई राहत असत. दोघांच्या अंगावर भरपूर काटे होते, पण संसार बरा चालला होता. अंगावर काटे असले की मंडळी एकमेकांशी जरा बेताने वागतात.

लग्नात अंतोबाने गोदूबाईला वचन दिलं होतं, "तुला समुद्र दाखवीन."

गोदूबाईने समुद्र कधी पाहिला नव्हता. पाणी म्हणजे तिला ओढ्यातलं ठाऊक, तेही गुडघाभर. समुद्राला पलीकडचा काठच नसतो, असं तिने एका बगळ्याकडून ऐकलं होतं. तेव्हापासून ते तिच्या डोक्यातून जाईना. कंद सोलता सोलता ती मध्येच थांबे आणि विचारी, "अहो, काठ नाही म्हणजे काय हो?"

आता तुम्ही विचाराल, मग ती दोघं चालत का नाही गेली? हात खाली करा. चालत जाणं फार सोपं होतं, म्हणूनच ते अंतोबाला पसंत नव्हतं.

त्याने गाडी घेतली. गाडी म्हणजे, गाडीच्या मागे जोडून ओढायची चाकांवरची छोटी खोली. माणसं तिला कॅराव्हॅन म्हणतात. ही फार जुनी होती. पांढरी, गोल, फायबरची. वरची वाटी आणि खालची वाटी वेगवेगळी घडवून पोटाशी जोडलेली. छपराला सांधाच नाही, त्यामुळे गळायचा प्रश्न नाही. डाव्या अंगाला दार, उजव्या अंगाला खिडकी, आत दोन बाकं आणि घडीचं टेबल.

एक निवृत्त ससा ती विकायला बसला होता. तो म्हणाला, "आता असा माल येत नाही."

हे वाक्य ऐकलं की अंतोबाचे सगळे काटे उभे राहत. त्याने किंमतसुद्धा विचारली नाही.

सगळं जंगल त्या गाडीला अंडं म्हणू लागलं. एक रानकोंबडी तर छपरावर येऊन बसली ती उठेचना. तिची समजूत घालून तिला खाली उतरवावं लागलं.

गोदूबाई आत जाऊन बाकावर बसली. तिने खिडकीतून बाहेर डोकावून पाहिलं आणि टाळी वाजवली. "छान आहे की हो! उद्याच निघू या."

"अशीच?" अंतोबा म्हणाला. "अशीच कशी निघणार? आधी थोडी सुधारणा करू."

बाळांनो, 'थोडी सुधारणा' हे शब्द कुठेही कानावर पडले की जवळचं झाड बघून चढायला लागावं.

अंतोबाने आधी तडे बुजवले. फायबरचं कापड ठेवायचं, वर डिंकासारखं चिकट रेझिन चोपडायचं, वाळलं की घासायचं. खोटं कशाला बोलू, हात चांगला होता त्याचा. तडा कुठे होता ते तडा पाडणाऱ्यालाही सापडलं नसतं. मग त्याने बाकांवर गाद्या केल्या. बसल्याबरोबर गाद्यांना काटे लागून भोकं पडली. म्हणून गाद्यांवर रेक्झिन आलं. रेक्झिनलाही भोकं पडली. म्हणून पत्रा आला. पत्र्यावर बसवेना, म्हणून पत्र्यावर पुन्हा गादी आली.

मग पंखा आला. पाण्याचं पिंप आलं. देवघर आलं. लोखंडी कपाट आलं, आणि त्याला जागा नव्हती म्हणून ते खिडकीपुढे उभं राहिलं. खिडकीतून दमट हवा येऊन कपाट गंजेल, म्हणून अंतोबाने खिडकी फायबरने कायमची बुजवून टाकली. इतकी सफाईने, की तिथे कधी खिडकी होती हे कुणाला खरं वाटलं नसतं.

"अहो, पण मग समुद्र बघायचा कुठून?" गोदूबाईने विचारलं.

"दारातून! दार केवढं मोठं आहे!"

आणि सगळ्यात शेवटी ओटा आला. काळ्या ग्रॅनाइटचा, चकचकीत, सिंकसकट. अंतोबा रोज सकाळी त्यात आपलं तोंड बघत असे आणि खूश होत असे. होळ्या येत होत्या, होळ्या जात होत्या. अंडं होतं तिथेच होतं.

एके दिवशी गोदूबाईने कंद खाली ठेवले. ती शांतपणे म्हणाली, "या होळीच्या आत निघालो तर निघालो. नाहीतर मी चालत जाईन. एकटी. आणि परत येईन असं धरून चालू नका."

अंतोबा घाबरला. गोदूबाई ओरडली असती तर तो घाबरला नसता, पण ती शांत होती. गोदूबाईशिवाय हे अंडं कसं दिसेल, असा विचार त्याच्या मनात आला. त्याने त्याच दिवशी म्हादू रेड्याला बोलावलं.

म्हादूने खांदा लावला. जोर केला. डोळे पांढरे झाले, पण अंडं जागचं हललं नाही.

"अहो, तो ओटा तेवढा काढा ना," गोदूबाई म्हणाली.

अंतोबाने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. गाडी हलत नाही याचं कारण गाडीत ठेवलेली वस्तू असेल, हे त्याला फारच उथळ वाटलं. एवढं साधं कारण असतं तर तज्ज्ञ कशाला असते? त्याने वास्तुशास्त्री सरड्याला बोलावणं धाडलं.

सरडा आला. चंदनाचा रंग धारण करून आला. त्याने अंड्याला प्रदक्षिणा घातली आणि बराच वेळ मान हलवली.

"दार कुठे आहे?"

"डाव्या अंगाला, शास्त्रीबुवा."

"डावी ही काही दिशा झाली नाही. दार पूर्वेला हवं. म्हणून वास्तू जागची हलत नाही."

झालं! शेजारपाजारच्यांनी पहारी लावून अंडं जागच्या जागी फिरवलं आणि दार पूर्वेला आणलं.

बाळांनो, जरा उभे राहा. डावा हात पूर्वेला करा. आता तोंड कुठे आलं? दक्षिणेला. आणि समुद्र कुठे आहे? उजव्या हाताला, पश्चिमेला. शाबास, बसा. तुमच्या लक्षात आलं ते अंतोबाच्याही लक्षात आलं.

"शास्त्रीबुवा, पण समुद्राकडे वळलो की दार फिरणार!"

"वळायचं कशाला?" सरडा म्हणाला. "उभं असताना दार पूर्वेला आणि चालू लागलं की वाटेल तिकडे? हे काय घर झालं?"

"मग जायचं कसं?"

"आडवं."

"चाकं आडवी फिरत नाहीत हो!"

"मग चाकांची सुधारणा करा," सरडा म्हणाला आणि दक्षिणा घेऊन बाजूच्या दगडावर जाऊन बसला.

सुधारणा म्हटल्यावर अंतोबाला राहवलं नाही. त्याने चाकं काढून टाकली आणि खाली दोन गुळगुळीत बांबू आडवे बांधले, घसरगाडीला असतात तसे. मग तो जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून दाखवू लागला, "बघा, चाकांची कटकटच मिटवली!"

म्हादू रेड्याने ते पाहिलं आणि तो मनसोक्त हसला. "आडवं? मालक, म्या सरळ वडतो. आडवं न्यायचं आसंल तर खेकड्यास्नी सांगा!"

म्हादूने थट्टा केली होती. पण होळी जवळ आली होती, आणि अंतोबाला थट्टा ओळखण्याइतकी उसंत नव्हती. तो थेट ओढ्यावर गेला.

ओढ्यातल्या खेकड्यांबद्दल तुम्हाला तुमच्या मामाने सांगितलंच असेल. त्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही. एक वर चढू लागला की बाकीचे त्याचा पाय धरून त्याला खाली घेतात. अशी ती गुणी मंडळी. त्यांचे मुकादम चिंबोरे दगडावर ऊन खात बसले होते.

"आमी कदी कायबी पुढं न्हेल्यालं न्हाई," मुकादम खरं तेच बोलले. "पर आडवं जायचं म्हंजी आमचं रोजचंच काम हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंड्याच्या पश्चिमेच्या अंगाला दोर बांधले. दोरांना खेकडे जुंपले. अंतोबा आणि गोदूबाई आत बसली. सरडा दिशेवर लक्ष ठेवायला छपरावर बसला.

"चला!" मुकादम ओरडले.

कुणी हललं नाही. आधी कुणी निघायचं, यावर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात एका खेकड्याचा पाय वाळूवरून जरासा घसरला आणि तो वीतभर पुढे गेला.

"ह्यो कोन मोठा लागून गेला?" मागचा म्हणाला, आणि त्याचा पाय धरायला धावला. धावण्याच्या भरात तो स्वतःच पुढे निघून गेला. ते तिसऱ्याने पाहिलं. "आरं, ह्याला बघा!" तिसरा धावला. त्याला मागे खेचायला चौथा धावला. चौथ्याला आवरायला खुद्द मुकादम धावले. त्यांना धरायला तर सगळेच धावले!

आणि अंडं हललं! ग्रॅनाइटसकट, कपाटासकट, बुजवलेल्या खिडकीसकट ते खडखडत पश्चिमेला निघालं. गोदूबाई ओरडली, "अहो, निघालो! आपण निघालो हो!" तिचा आवाज आनंदाने चिरकला होता.

घाटमाथ्याचा चढ लागला. खेकडे पुढे, म्हणजे वर. दार मागे, म्हणजे खाली. दार आपसूक उघडलं आणि जे व्हायचं तेच झालं. आधी पिंप गेलं. मग गाद्या गेल्या, मग पत्रे गेले, मग पुन्हा गाद्या गेल्या. पंखा फिरत फिरत गेला.

"माझं कपाट!" अंतोबा ओरडला. कपाट दोन्ही दारं उघडून निरोप घेत बाहेर पडलं. देवघरही निसटलं, पण देव गोदूबाईने झडप घालून पदरात घेतले. शेवटी ग्रॅनाइटचा ओटा भिंतीपासून सुटला. क्षणभर दारात अडकला. अंतोबाने त्यात आपलं तोंड एकदा शेवटचं पाहून घेतलं.

ती दोघं मात्र पडली नाहीत, कारण दोघांच्या पाठीचे काटे फायबरच्या भिंतीत घट्ट रुतले होते.

"हलकं वाटतंय नाही?" गोदूबाईने विचारलं. अंतोबाला रडू फुटणार होतं, पण भिंतीला टांगलेल्या अवस्थेत त्याला कसं कोण जाणे, हसूच फुटलं.

माथा आला, दार आपटून बंद झालं आणि पलीकडचा उतार सुरू झाला. आता ओढायची गरजच उरली नाही. खेकडे पटापट छपरावर चढले आणि तिथे सगळ्यात वर कोण बसणार यावरून एकमेकांना खाली घेऊ लागले. सरडा त्या गर्दीत ओरडत होता, "पूर्व! पूर्व सांभाळा!" आणि भीतीने त्याच्या अंगावरून जंगलातले सगळे रंग येऊन जात होते. घाटातली वळणं अंड्याने कशी घेतली म्हणून विचारू नका. त्याने वळणं घेतलीच नाहीत. करवंदीच्या जाळ्यांतून, काजूच्या बागेतून, एका म्हशीच्या पोटाखालून ते सुसाट खाली गेलं. आत दोन साळिंदरं लहान पोरांसारखी किंचाळत होती, आणि गोदूबाई मध्येच म्हणत होती, "पुन्हा एकदा! पुन्हा एकदा!"

मग मऊ वाळू लागली आणि अंडं थांबलं.

भिंतीपलीकडून मोठी गाज ऐकू येत होती. गोदूबाईने भिंतीतून काटे सोडवून घेतले. पदर सारखा केला. दार उघडलं.

समोर डोंगर होता. मोडलेल्या करवंदीच्या जाळ्या होत्या. ती म्हैस होती. दार बरोबर पूर्वेला होतं, आणि समुद्र पाठीमागे होता, जिथे पूर्वी खिडकी होती तिथे.

"अहो, दिसत नाही," गोदूबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

"थांब, थांब!" अंतोबाचे डोळे मात्र चमकले. त्याने कनवटीची टेप काढली. "इथे खिडकी पाडतो. आज माप घेतो, उद्या कापतो, मग कडेला रबर, मग काच. आतून असा झकास समुद्र दिसेल तुला!"

गोदूबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने असं काही केलं, जे आजवर त्या अंड्याच्या बाबतीत कुणाला सुचलं नव्हतं. ती खाली उतरली आणि वळसा घालून पलीकडे गेली.

मग भिंतीपलीकडून ती हसली. "अहो! खरंच काठ नाहीये हो!"

"आलोच! एवढं माप घेतो."

भरती चढत होती. एक मोठी लाट आली आणि अंड्याखाली शिरली. आत काही उरलं नव्हतं, चाकं नव्हती, खालच्या वाटीला सांधा तर कधीच नव्हता. अंडं अलगद तरंगलं. पाण्याने त्याला सावकाश अर्धा फेरा फिरवलं आणि पुन्हा वाळूवर ठेवून दिलं.

अंतोबा दारात उभा होता. हातात टेप होती. समोर समुद्र होता, सगळाच्या सगळा.

टेप त्याच्या हातातून निसटली आणि लाटेबरोबर निघून गेली. त्याचे काटे एकेक करून खाली बसले.

"गोदे," तो हळूच म्हणाला, "ह्यात सुधारणा करायला काही जागाच नाही गं."

"म्हणून तर म्हणतेय, या बाहेर."

तो बाहेर आला. दोघं काट्यांपुरतं अंतर ठेवून वाळूवर बसली.

छपरावरच्या सरड्याने डोळे उघडले. दार कुठे आलंय ते पाहिलं, समुद्राकडे पाहिलं आणि तो निळा झाला. "पश्चिम ही साक्षात वरुणाची दिशा," तो मान हलवत म्हणाला. "दार इकडेच हवं, हे मी पहिल्यापासून सांगत होतो."

खेकडे पाण्यात शिरले. तिथे वर चढायला काही नव्हतंच, त्यामुळे कुणाला कुणाचा पाय धरावासा वाटला नाही. मुकादम थोडे कंटाळलेले दिसत होते.

तात्पर्य: घर जागचं हलत नसेल तर आतलं सामान कधीही कमी करू नये, दिशा बदलावी आणि चाकं काढून टाकावीत. आणि ओढायला नेहमी अशीच मंडळी बघावीत, ज्यांना दुसऱ्याचं पुढे जाणं अजिबात बघवत नाही. फक्त एक सांभाळावं, पोचल्यावर बायकोला खाली उतरू देऊ नये. चांगल्या खिडकीचं काम राहून जातं.