आत्याची ड्यूटी

"दहा दिवस फोनला शिवणार नाही! लिहून घ्या!"

सकाळच्या चहाला फोकसनं ही घोषणा केली तेव्हा घरात कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. बाबांनी पेपरचं पान उलटलं. धाकटी बहीण म्हणाली, "लिहून कशाला घ्यायचं? दहा मिनिटांत तूच फोनवर टाकशील!"

फोकस हे त्याचं कॉलेजातलं नाव. दर फोटोच्या वेळी "फोकस कर, फोकस!" म्हणून ओरडायचा, म्हणून पडलेलं. फोकस फोटोत भरपूर होता, अभ्यासात औषधालाही नव्हता! संख्याशास्त्रात गडी दोनदा आपटला होता. आता तिसरी आणि शेवटची संधी. या वेळी गेला तर वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात थेट धाकट्या बहिणीबरोबर बसायची पाळी! ती तर तयारीलाच लागली होती. "दादा, माझ्या शेजारची जागा धरून ठेवते हं. खिडकीकडची देऊ की भिंतीकडची?" एवढ्या एका प्रश्नानं त्याची झोप उडाली होती.

फोन सोडायची त्याची तयारी होती, पण अकाउंटचं काय? दोन हजार एकशे चाळीस फॉलोअर! आपण लोकांच्या फोटोंना लाइक देतो म्हणून लोक आपल्याला देतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दहा दिवस गप्प बसलो की मंडळी साफ विसरणार. खरं सांगायचं तर या लाइकच्या पायी तो पार पिचून गेला होता. मागच्या रविवारी फोटोला अडतीसच लाइक आले, तर पठ्ठ्या दिवसभर जेवला नव्हता. पण हे सांगणार कुणाला?

उपाय घरातच होता. आत्या!

आत्यानं चौतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स म्हणून काढली होती. शेवटची अकरा वर्षं तर पुरुषांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. सहा महिन्यांपूर्वी ती निवृत्त होऊन भावाकडे राहायला आली आणि तेव्हापासून रोज सकाळी घरातल्या प्रत्येकाचा ताप बघू लागली. "वन्सं, आम्ही ठणठणीत आहोत हो!" आई काकुळतीला येऊन सांगायची. "ते मी ठरवीन," म्हणत आत्या थर्मामीटर झटकायची. आदल्याच दिवशी ती फोकससमोर बसून सुस्कारा टाकत म्हणाली होती, "मला मेलीला दिवसभर काय काम? कुणी काही सोपवलं तर तेवढाच वेळ जाईल." फोकसची ट्यूब तिथंच पेटली. स्वतःच्या हुशारीवर तो बेहद्द खूश झाला.

"आत्या, इथं दाबायचं. लाल हार्ट येतो."

"बदाम म्हण की!"

"बदाम तर बदाम. जो फोटो येईल त्याला द्यायचा. वाचायचं काही नाही आणि लिहायचं तर अजिबात नाही!"

"ड्यूटी किती ते किती?"

"ड्यूटी कसली गं? जाता-येता द्यायचे."

"जाता-येता मी कधी काम केलेलं नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. आणि नीट चार्ज घेतल्याशिवाय मी वॉर्डात पाय ठेवत नाही." आत्यानं कपाटातून एक लांबलचक रजिस्टर काढलं. "हं, सांग. ही मुलगी कोण?"

"आमच्या वर्गातली टॉपर."

"तक्रार काय?"

"तक्रार नाही गं! लाइक करायचं फक्त!"

आत्यानं चष्म्यावरून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

तीन दिवस फोकस पुस्तकापुढं बसला. पुस्तक त्याच्याकडे बघत होतं, तो पुस्तकाकडे बघत होता, ओळख काही होत नव्हती. चौथ्या दिवशी हॉलतिकीट घ्यायला तो कॉलेजात गेला, तर फाटकातच ट्रक उभा!

ट्रक म्हणजे वर्गातला पहिलवान. रोज दंड फुगवून फोटो टाकायचा आणि फोकस रोज त्याखाली खदाखदा हसणारं तोंड टाकायचा. आज ट्रक सरळ त्याच्याच अंगावर चालून आला. त्यानं फोकसला दोन्ही हातांनी उचललं. आता आपटतोय, म्हणून फोकसनं डोळे मिटले. तर ट्रक त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागला!

"तूच विचारलंस रे! इतक्या जणांत तू एकट्यानं विचारलंस!"

"काय... काय विचारलं?"

"'दंड झकास आहे, पण डोळ्यांखाली सूज का? पोटभर कधी जेवलास?' तीन आठवडे झाले, फोटोसाठी मी नुसता उकडलेल्या अंड्यांवर आहे! आज तू सांगितल्याप्रमाणे दोन केळी, चार ग्लास दूध, सात तास झोप. रिपोर्ट देतोय!"

फोकस कसाबसा खाली उतरला, तर दर आठवड्याला केसांचा रंग बदलणारी एक मुलगी धावत आली. "आठ ग्लास पाणी झालं! आणि तू म्हणालास तसा फिल्टर काढला, साध्या पाण्यानं तोंड धुतलं. आईनं ओळखलं मला!" जिन्यावर तिघांनी त्याला जिभा दाखवल्या. चिडवायला नव्हे, तपासायला! हॉलतिकीट नंतर घेऊ म्हणत तो घराकडे पळत सुटला.

आत्या जेवणाच्या टेबलावर रजिस्टर उघडून बसली होती.

"आत्या! फक्त बदाम द्यायचे ठरलं होतं!"

"ही बघ तुझी टॉपर. सलग पाच दिवस पहाटे तीनला पुस्तकांचा फोटो. आणि पाचही हललेले. म्हणजे हात थरथरतोय पोरीचा! खाली दोनशे जणांनी बदाम दिलेत. एकालाही दिसू नये? चौतीस वर्षांत कण्हणाऱ्या माणसाला बदाम दाखवून पुढं गेले नाही मी!"

"अगं, पण माझ्या नावानं..."

"तुझ्याच नावानं. उद्या आठला सगळ्यांना तपासायला बोलावलंय."

"सगळे म्हणजे किती?"

"फार नाहीत. चौतीस."

दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला दार वाजलं ते वाजतच राहिलं. चपला-बुटांचा ढीग जिन्याच्या वळणापर्यंत गेला. तो बघून खालच्या मजल्यावरचे काका घाईघाईनं पांढरा शर्ट चढवून वर आले आणि पडलेल्या चेहऱ्यानं त्यांनी बाबांचे हात हातात घेतले. "केव्हा झालं हो?"

"आठलाच सुरू झालं," बाबा म्हणाले, "आवरेल कधी ते सांगता येत नाही!"

आत पलंगावर पाच, सोफ्यावर सहा, बाकीचे जमिनीवर. सगळ्यांचे फोन स्टीलच्या ट्रेमध्ये जमा. आई एकामागून एक दुधाचे ग्लास भरत होती. काकांचासुद्धा रक्तदाब मोजून झाला. आणि फोकस? पुस्तक छातीशी धरून तो बाथरूमच्या दाराशी उभा होता. पेपरला पाच दिवस उरले होते आणि घरात बसायला जागा नव्हती. शेवटी त्याचा बांध फुटला.

"बस्स! ते मेसेज मी लिहिलेच नाहीत! आत्यानं लिहिले!"

ट्रक हळूच उठला. "म्हणजे... तू विचारलंच नाहीस?"

"नाही," फोकस म्हणाला. खोटं बोलणं सोपं होतं, पण ट्रकचा चेहरा बघून जमेना. "मी नुसता हसायचो तुला. स्वतःचं तरी काय? अडतीस लाइक आले म्हणून दिवसभर उपाशी राहिलो. रात्रभर फोन बघतो. पाच दिवसांनी पुन्हा नापास होणार आहे. आता हसा मला!"

कुणीही हसलं नाही. कोपऱ्यातून टॉपर म्हणाली, "अरे, मग आमच्यातलाच आहेस की! सरका रे, याला बसायला जागा द्या." आणि मग आत्याकडे वळून, "सिस्टर, तुम्ही मला दोनच तास अभ्यासाची परवानगी दिलीय. उरलेल्या वेळात मी काय करू?"

"याला शिकव," आत्या म्हणाली. "तोंडानं शिकवताना माणसाला श्वास घ्यावा लागतो. तुलाही बरं, त्यालाही बरं."

पण पुस्तक बघितलं की फोकस गोठायचा. तेव्हा टॉपरनं पुस्तक मिटलं आणि आत्याचं रजिस्टर उघडलं. चौतीस जण, प्रत्येकाची झोप, पाणी, दूध आणि फोनचे तास, सगळं तारीखवार!

"यांची सरासरी झोप काढ."

"चार तास चाळीस मिनिटं? बाप रे!"

"आता दूध."

"हे बरं दिसतंय की!"

"कारण ट्रक एकटा नऊ ग्लासांवर गेलाय! तो सरासरीत आला की सगळा वर्ग धष्टपुष्ट दिसतो. म्हणून अशा वेळी मध्यक बघायचा, सगळ्यांना ओळीनं उभं केलं की मधोमध येतो तो."

फोकसच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन वर्षं जो मध्यक त्याला छळत होता, तो का लागतो याचं कारण समोर बसून दूध पीत होतं! पाच दिवसांत त्यानं पाण्याचं प्रमाण विचलन काढलं, फोन आणि झोप यांचा सहसंबंध काढला. तो इतका वाईट निघाला की त्या दिवशी सगळेच नऊला झोपले.

पेपरात पहिलाच प्रश्न सरासरी आणि मध्यकाचा. फोकस एवढ्या मोठ्यानं हसला की पर्यवेक्षकांनी त्याचे खिसे तपासले! महिन्यानं निकाल लागला. शंभरात एकाहत्तर! ट्रकनं त्याला पुन्हा उचललं, या वेळी साऱ्या कॉलेजभर फिरवलं. टॉपर पहिली आली, तीही रोज सात तास झोपून. बहिणीनं खिडकीकडच्या जागेवर टाकलेला रुमाल निमूटपणे उचलला. आणि गंमत म्हणजे महिनाभरात फोन परत मागायचं फोकसला सुचलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी आत्यानं आपणहून फोन त्याच्या हातात ठेवला. फॉलोअर पाच हजार तीनशे! फोकसची छाती ट्रकएवढी झाली. गुणपत्रिका गालाला लावून त्यानं फोटो टाकला: "मी परत आलोय!"

तासाभरात बदाम आले अकरा. खाली मजकूर होता: "आत्या कुठंयत?" "आत्यांना फोन दे रे!" "सिस्टर, आज आठ तास झोपलो!"

अकराचे बारा होतात का, हे पाहत तो टेबलाशी बसून राहिला. दूध निवून गेलं. समोर आत्याचं रजिस्टर पडलं होतं; आत्या ते कधी ठेवून गेली, त्याला कळलंही नव्हतं. चाळा म्हणून त्यानं पहिलं पान उघडलं. तारीख होती त्यानं फोन सोपवला त्याच्या आदल्या दिवसाची, आत्यानं सुस्कारा टाकला होता त्या दिवसाची!

"बेड नंबर एक. भाचा. तक्रार: जेवत नाही, झोपत नाही, फोन बघतो. उपचार: फोन काढून घेणे. कल्पना आपलीच आहे असे पेशंटला वाटू द्यावे."

आणि त्याखाली, शाई अजून ओली:

"आज डिस्चार्ज दिला. तासाभरात अकरा बदाम मोजताना आढळला. पुन्हा दाखल."

फोकसनं मुकाट्यानं फोन ट्रेमध्ये ठेवला, दूध संपवलं आणि आत्यासमोर जाऊन जीभ बाहेर काढली.