एवारिस्तोमामांचे पाहुणे

नावांचा फलक हातात धरून उभं राहायला एवारिस्तोनं साफ नकार दिला.

"फलक विमानतळावर धरतात," तो विसीला म्हणाला. "माझी माणसं मी चौकाच्या पलीकडच्या टोकावरून ओळखतो. नुसत्या उभं राहण्यावरून. भुकेला माणूस वेगळाच उभा राहतो."

विसी त्याची मालकीण. स्पेनमधल्या उबेदा गावात पाहुण्यांना पायी हिंडवून या बारमधून त्या बारमध्ये खाऊपिऊ घालायचा तिचा धंदा होता, आणि एवारिस्तो हा तिचा सगळ्यात जुना, सगळ्यात लाडका आणि सगळ्यात हट्टी वाटाड्या.

"आज निवृत्त शिक्षक यायचेत, अल्बासेतेहून," विसी म्हणाली. "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेली माणसं. निदान आज तरी फलक ने."

एवारिस्तोनं टोपी नीट केली आणि मोकळ्या हातांनी निघाला.

बढाई मारायचा त्याला हक्क होता, हेही खरं. कुठल्या बारमध्ये कुठल्या वेळी काय चुलीवरून उतरतं, कुठल्या मालकाचं गुडघ्याचं दुखणं कुठवर आलंय, कुठल्या गल्लीत दुपारी सावली कोणत्या बाजूला असते, हे सगळं त्याला तोंडपाठ. त्याच्याबरोबर फिरून आलेली माणसं घरी जाऊन महिनाभर आपल्याच स्वयंपाकाला नावं ठेवत.

रविवारची दुपार. घड्याळाच्या मनोऱ्याखाली माणसांचा एक घोळका उभा होता. एवढ्या उन्हात पुरुषांनी टाय लावलेले, बायकांनी केस बसवून घेतलेले. पुढे काळ्या पोशाखातली एक उंच म्हातारी, पाठीचा कणा भाल्यासारखा. आणि मागे एक गप्प माणूस, खांद्यावर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली हॅमची अख्खी तंगडी घेऊन. तान्ह्या बाळाला धरावं तशी त्यानं ती धरली होती.

"भुकेले आहेत," एवारिस्तो मनाशी म्हणाला आणि थेट त्यांच्याकडे गेला. "वाट बघताय ना?"

"तुमचीच," घोळक्यातली गुबगुबीत बाई म्हणाली आणि तिनं त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "मी लेआंद्रा. तुम्ही मामाच ना? आम्हाला सांगितलं होतं, घड्याळाखाली थांबा, मामा येऊन घेऊन जातील."

मामा म्हणवून घेण्यात एवारिस्तोला काही वावगं वाटलं नाही. त्या भागात चाळिशी उलटलेल्या कुठल्याही पुरुषाला पोस्टमनपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळे मामाच म्हणतात. शिक्षक असूनही माणसं किती मोकळी, असं मात्र त्याला वाटलं.

"मामाच. आजचा दिवस तुम्ही सगळे माझे पाहुणे." मग त्याची नजर हॅमवर गेली. खायला निघालेली माणसं सोबत खाणं घेऊन आलेली त्यानं आजवर पाहिली नव्हती. "आणि हे?"

"हे तुमच्याकडेच द्यायचंय," काळ्या पोशाखातली म्हातारी म्हणाली. "पण आत्ता नाही. आधी बघू तुम्ही कशी माणसं आहात ते."

एवारिस्तोला आजवर बक्षीस म्हणून नाणी मिळाली होती, एकदा छत्री मिळाली होती. अख्खं हॅम कधीच नाही. आज जीव ओतायचा, असं त्यानं तिथल्या तिथे ठरवलं.

आता ही माणसं कोण, ते सांगायला हवं. ती शिक्षक नव्हती. सेगुराच्या डोंगरातल्या एका खेड्यात ती शेळ्या पाळत, आणि त्यांच्या नेस्तोरचं उबेदातल्या कासिल्दाशी जमलं होतं, म्हणून मुलीच्या घरच्यांना पहिल्यांदाच भेटायला आली होती. लेआंद्रा नेस्तोरची आई. हॅम धरलेला सातुर्नीनो त्याचा बाप. आणि म्हातारी म्हणजे सातुर्नीनोची थोरली बहीण, ब्रिहिदाआत्या. नेस्तोरला तिनंच लहानाचा मोठा केला, त्यामुळे घरात शेवटचा शब्द तिचा. ही सोयरिक तिला मुळीच पसंत नव्हती. "शहरातली माणसं," ती वाटभर म्हणत आली होती. "बशीत एक ऑलिव्ह ठेवतील आणि बी परत मागतील."

मुलीचा खरा मामा, लासारो, त्यांना घ्यायला निघालाही होता. पण वाटेत त्याला एक मित्र भेटला, मित्राला तहान लागली होती, आणि लासारो घड्याळाखाली पोचला तेव्हा तिथे दुसराच एक वयस्कर घोळका येऊन उभा होता. "वाट बघताय ना?" लासारोनं विचारलं. "हो तर," अल्बासेतेचे शिक्षक म्हणाले, आणि त्याच्यामागून चालू लागले.

इकडे एवारिस्तोनं आपल्या पाहुण्यांना पहिल्या बारमध्ये नेलं. वेर्मूत नावाच्या मसालेदार वाइनचे गार पेले आले आणि त्यांच्यासोबत लाल तिखटानं माखलेले छोटे पाव, आत डुकराच्या रक्ताची गरम वडी भरलेले.

"उभ्यानंच?" आत्यानं विचारलं.

"बसलेला माणूस एकाच ठिकाणचा होतो, आत्याबाई. उभा माणूस सगळ्या गावाचा."

"आणि घरी कधी न्यायचं?"

एवारिस्तोनं दोन्ही हात पसरले. "हेच घर. उबेदाचा माणूस घरी फक्त झोपायला जातो."

आत्यानं लेआंद्राकडे पाहिलं. "यांची रीत असेल, वन्सं," लेआंद्रा कुजबुजली. आत्यानं पाव तोंडात टाकला. मग दुसरा उचलला.

दुसरा बार चढावर होता. तिथला म्हातारा मालक गल्ल्यामागून धडपडत बाहेर आला आणि एवारिस्तोच्या गळ्यात पडला. त्यानं मातीच्या रांजणातून तेलात मुरलेलं डुकराचं मांस काढलं, पातळ कापलं आणि पहिला तुकडा आपल्या हातानं आत्याच्या बशीत वाढला. रांजण भरताना त्याची आई अजूनही शेजारी खुर्ची टाकून बसते आणि मीठ कमी पडलं तर काठी आपटते, हे एवारिस्तोनं सांगितलं.

"हे पण तुमचेच का?" आत्यानं विचारलं.

"सगळे माझेच."

"केवढा गोतावळा," लेआंद्रा सातुर्नीनोला म्हणाली.

सातुर्नीनोनं खिशात हात घातला तसा एवारिस्तोनं तो धरला. "आज तुमचा हात खिशात जायचा नाही. सगळी व्यवस्था आधीच झालीय."

आत्याचा कणा त्या दिवशी पहिल्यांदा जरासा सैल झाला. एकाच स्वयंपाकघरात सगळं शिजवून पाहुण्यांना कोंबून बसवायचं सोडून या माणसांनी गावभर चुली पेटवल्या होत्या. दर अर्ध्या तासानं नवं घर, नवे सोयरे, नवी बशी. असा मान तिच्या स्वतःच्या लग्नातही कोणी दिला नव्हता.

तिसऱ्या ठिकाणी सशाच्या रश्शात शिजवलेल्या पोळीच्या चिंध्या आल्या. आत्यानं एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"कोणी केलं हे?"

"पोरीनं," एवारिस्तो म्हणाला. त्याच्या लेखी पोर म्हणजे मालकाची मुलगी निएवेस, कारण तिथली चूल तीच सांभाळत होती.

"पोरीनं स्वतः?"

"पहाटेपासून उभी आहे ती. पुदिना शेवटी घालायचा, हे अख्ख्या उबेदात तिलाच कळतं."

"बाहेर बोलवा तिला."

"आत्ता तिचे हात कणकेत आहेत, आत्याबाई. पण सावकाश भेटवतो की."

"नको, नको. कामात असू दे." ब्रिहिदाआत्यानं रुमाल काढला आणि नाक पुसल्यासारखं करून डोळे पुसले. "सातुर्नीनो, पोराला मी उगाच बोलले रे. असा हात असलेली मुलगी आपल्या सात पिढ्यांत आली नाही."

सातुर्नीनोनं मान हलवली. हॅमला त्यानं शेजारी एक वेगळं स्टूल दिलं होतं.

विसीचे फोन मघापासून एवारिस्तोच्या खिशात गुरगुरत होते. पाहुण्यांसोबत असताना तो फोन घेत नसे. पण आता त्याला वाटलं, ही खुशखबर तिलाही कळू दे. तो दाराशी गेला.

"कुठं आहेस?" विसीनं विचारलं.

"निएवेसकडे. शिक्षक माझ्यावर इतके खूश आहेत की रडतायत."

"शिक्षकांच्या गटप्रमुख बाईंचा मला आत्ताच फोन येऊन गेला. घरगुती जेवणाची कल्पना फार आवडली म्हणे. कोकरू लोण्यासारखं शिजलं होतं. आणि नाटक तर अप्रतिम."

"कसलं नाटक?"

"तेच मी तुला विचारतेय. घरातली बाई पाहुण्यांना विहीणबाई म्हणते, म्हणे. मुलाचं पुढे काय ठरलंय विचारते. एक गुरुजी म्हणाले, माझा मुलगा कॅनडात स्थायिक होतोय, तर ती बाई धाय मोकलून रडायला लागली की आमच्यापासून हे लपवलंत. इतका जिवंत अभिनय त्यांनी कुठं पाहिला नाही. एवारिस्तो, आपण नाटकं कधीपासून ठेवायला लागलो?"

एवारिस्तोनं वळून आत पाहिलं. टाय, बसवलेले केस, स्टुलावरचं हॅम.

तो लेआंद्राजवळ गेला. "तुम्ही शाळेत काय शिकवायचात?"

"कोण, मी?" लेआंद्रा हसली. "आमच्या शेळ्या आहेत, मामा. शेळ्यांना काय शिकवणार?"

आपण भलत्याच माणसांना हिंडवतोय, हे त्याला उमगलं. गप्प राहून, यांना घड्याळाखाली सोडून पळून जाता आलं असतं. पण आत्या बशीतला रस्सा पावानं पुसत होती, आणि तिचा चेहरा असा काही निवला होता की एवारिस्तोचे पाय हलेनात. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि टोपी काढून त्यानं सगळं सांगितलं. तो मामा नव्हता. पोर म्हणजे ती पोर नव्हती. खरी सोयरी माणसं दुसरीकडेच वाट बघत होती.

आत्यानं पाव खाली ठेवला.

"म्हणजे तुम्ही आमचे कोणी नाही?"

"कोणी नाही."

"आणि ते रांजणवाले म्हातारबा?"

"तेही नाही."

"मग एवढ्या मायेनं वाढत कुणाला होतात?"

"जे येतील त्यांना," एवारिस्तो म्हणाला. "रोज असंच वाढतो."

ती मग उठली. "दाखवा मुलीचं घर. आणि ती पोर?"

"निएवेसला दोन मुलं आहेत."

"वाईट झालं," आत्या म्हणाली.

लेआंद्रानं नाव सांगताच एवारिस्तो त्यांना कासिल्दाच्या आईच्या, आंपारोबाईच्या घरी घेऊन गेला. दार उघडंच होतं. आत लांबलचक टेबलाशी अल्बासेतेचे शिक्षक ओळीनं बसले होते, समोर कोकराची नुसती हाडं. आंपारोबाईचे डोळे सुजलेले. लासारो कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभा.

काळ्या पोशाखातली ब्रिहिदाआत्या दारात उभी राहिली, मागे हॅम, त्यामागे एवारिस्तो, आणि शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

"दुसरा अंक," त्यांच्यातल्या एक बाई शेजारच्याला म्हणाल्या.

"मी नेस्तोरची आत्या," आत्या म्हणाली.

"मग हे कोण?" आंपारोबाईनं टेबलाकडे बोट दाखवलं. पुन्हा टाळ्या. एवारिस्तो मध्ये पडून समजावू लागला, पण त्याचं बोलणं इतकं अडखळत होतं की एका गुरुजींनी "जरा मोठ्यानं" म्हणून सूचना केली.

एवढ्यात मागच्या दारानं नेस्तोर आणि कासिल्दा आले. कासिल्दा जनावरांची डॉक्टर. सकाळी एका मळ्यात घोडी अडल्याचा निरोप आला म्हणून दोघं धावली होती, आणि तिकडे फोनला रेंज नव्हती. तिच्या बुटांना चिखल, बाह्यांना त्याहून वाईट काहीतरी, आणि अंगाला तबेल्याचा वास. आंपारोबाईनं डोळे मिटून घेतले.

आत्या कासिल्दाजवळ गेली. "काय अडलं होतं?"

"पुढचा पाय दुमडलेला होता."

"मागे ढकलून सरळ केलास?"

"हो. खांद्यापर्यंत हात घालावा लागला."

"शिंगरू?"

"उभं राहिलं. दूध प्यायलंसुद्धा."

आत्यानं तिचा तो मळका हात उलटासुलटा करून पाहिला.

"स्वयंपाक येतो?"

"नाही, आत्या," कासिल्दा म्हणाली. "अंडं उकडते, तेही फुटतं."

"असू दे. उबेदात जेवायचं कुठं ते मला आता ठाऊक झालंय."

या वेळी टाळ्या इतक्या झाल्या की शेजारची माणसं खिडकीत आली. सातुर्नीनोनं हॅम आंपारोबाईच्या नवऱ्याच्या हातात दिलं. बिचाऱ्या घरच्यांच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं, तेव्हा ते लगेच कापायला घेतलं गेलं. पहिली चकती आत्यानं एवारिस्तोला दिली. ती त्यानं फार हळूहळू खाल्ली.

दोन दिवसांनी विसीनं त्याला शिक्षकांचा अभिप्राय वाचून दाखवला. कोकरू, घर आणि नाटक यांची त्यांनी तोंडभरून स्तुती केली होती. काळ्या पोशाखातल्या ज्येष्ठ अभिनेत्रीला तर तोड नाही, असं लिहिलं होतं. अल्बासेतेचा आणखी एक गट येऊ घातला होता आणि त्यांना अगदी हाच कार्यक्रम हवा होता. "फक्त," विसीनं पुढे वाचलं, "मामाचं काम करणारा नट अगदीच कच्चा वाटला. जमल्यास बदलावा."

एवारिस्तो थेट आंपारोबाईकडे गेला. त्या दारात बसून आर्टिचोकच्या जाड पाकळ्या सोलत होत्या. त्यानं सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जेवायला घालीन," त्या म्हणाल्या. "पण ठरवून रडायला मला नाही जमायचं." मग त्याच्याकडे नीट बघत त्यांनी पुढचा आर्टिचोक उचलला. "तरी तू त्या दिवशीसारख्या तोंडानं परत दारात येऊन उभा राहिलास, तर रडू येईलही."